मुक्तिपत्रानंतरची एकवीस वर्षं

११ जुलै १७६६ रोजी माँटसेराट या कॅरिबियन समुद्रातल्या छोट्या ब्रिटिश बेटावर, सरकारी नोंदणी कचेरीत एक मुक्तिपत्र नोंदवलं गेलं. रॉबर्ट किंग नावाच्या व्यापाऱ्याने सत्तर पौंड स्थानिक चलनात, म्हणजे चाळीस पौंड स्टर्लिंग, घेऊन आपला गुलाम गुस्ताव्हस व्हासा याला कायमचा मोकळा केला होता. हा व्हासा म्हणजेच ओलॉडा इक्विआनो. १७८९ साली त्याने लंडनमध्ये आपलं आत्मचरित्र छापलं आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या ब्रिटिश मोहिमेला घरोघरी पोचणारा एक साक्षीदार मिळाला.

ही दोन सालं आपण सहज जोडून टाकतो. गुलाम होता, सुटला, मग इतरांसाठी लढला. पण मोहिमेचा माणूस म्हणून तो चारचौघांत उभा राहिला तो १७८७ साली. मधल्या एकवीस वर्षांत तो केस विंचरायला-कुरळे करायला शिकला, उत्तर ध्रुवाच्या दिशेने गेला, खूप धार्मिक झाला, आणि एकदा स्वतः गुलाम विकत घ्यायलाही गेला. या लेखात ती वर्षं तपासायची आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. गुलामीच्या अनुभवाने त्याला कार्यकर्ता बनवलं, हे अर्धंच खरं आहे. सुटल्यानंतर न्यायासाठी तो एकेक दार ठोठावत गेला आणि प्रत्येक दारातून रिकाम्या हाताने परतला. जनतेकडे तो वळला तो त्यानंतर.

पुराव्याबद्दल एक गोष्ट. यातला बराचसा मजकूर त्याच्याच तोंडचा आहे, आणि तो मोहिमेच्या ऐन भरात, मोहिमेसाठीच लिहिलेला आहे. तरी नौदलाचे हजेरीपट, चर्चची नोंदवही, सरकारी पत्रव्यवहार, वर्तमानपत्रं आणि गुलामीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्प या इंग्रजाची रोजनिशी यांतही तो भेटत राहतो. जिथे असा बाहेरचा आधार आहे तिथे मी जास्त थांबलो आहे.

चाळीस पौंडांपर्यंत

त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याचा जन्म १७४५ च्या सुमाराचा, आजच्या नायजेरियातल्या इग्बो मुलखातला. अकराएक वर्षांचा असताना तो आणि त्याची बहीण घरातून पळवले गेले. बहिणीची आणि त्याची ताटातूट झाली, तो किनाऱ्यावर विकला गेला, जहाजातून बार्बाडोसला आणि तिथून व्हर्जिनियाला पोचला. तिथे मायकेल हेन्री पास्कल या नौदलातल्या लेफ्टनंटने त्याला विकत घेतलं आणि स्वीडनच्या एका राजाचं नाव त्याला चिकटवलं: गुस्ताव्हस व्हासा. ते नाव नको म्हणाला म्हणून मार खाल्ला. पुढे कागदोपत्री तेच नाव राहिलं, आणि गंमत म्हणजे मोठेपणी तो स्वतःही बहुतेक ठिकाणी तेच वापरायचा.

पास्कलबरोबर तो ब्रिटन-फ्रान्समधल्या सप्तवार्षिक युद्धात होता. १७५९ मधल्या, पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळच्या लागोसच्या आरमारी लढाईत तोफांना दारू पुरवण्याचं काम त्याच्याकडे होतं. जहाजावर तो लिहायला-वाचायला, हिशेब करायला शिकला. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. युद्ध संपत आलं, आणि आता आपण मोकळे होणार अशी त्याची समजूत होती.

डिसेंबर १७६२ मध्ये टेम्स नदीवर पास्कलने त्याला होडीत बसवलं आणि वेस्ट इंडीजला निघालेल्या जेम्स डोरन या कप्तानाला विकून टाकलं. डोरन म्हणाला, आता तू माझा गुलाम. यावर इक्विआनोने जो युक्तिवाद केला तो वकिली थाटाचा आहे. मी इतकी वर्षं मालकाची चाकरी केली, माझा पगार आणि लढाईतल्या लुटीतला वाटा त्यानेच घेतला, माझा बाप्तिस्मा झाला आहे, या देशाच्या कायद्याप्रमाणे मला विकायचा कुणालाही हक्क नाही, आणि हे एका वकिलाला मालकासमोर बोलताना मी ऐकलं आहे. त्यावर डोरनचं उत्तर असं की तू फार इंग्रजी बोलतोस. नीट वागला नाहीस तर वागायला लावायची रीत मला ठाऊक आहे.

माँटसेराटला त्याला रॉबर्ट किंगने घेतलं. किंग फिलाडेल्फियाचा, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा. हिशेब येणारा गुलाम हाती लागल्यावर त्याला उसाच्या मळ्यावर कोण पाठवणार? इक्विआनो कारकुनी, माल मोजणं, बोटींवर ने-आण अशा कामांना लागला आणि टॉमस फार्मर या कप्तानाबरोबर बेटाबेटांवरून फिरू लागला. इथे त्याने स्वतःचा धंदा सुरू केला. भांडवल तीन पेन्स. त्या पैशांत सिंट युस्टेशस या डच बेटावर एक काचेचा पेला घेतला, तो माँटसेराटला सहा पेन्सला विकला. पुढच्या फेरीत दोन पेले. मग चार. मग जिनचा बुधला. कधी गोरे गिऱ्हाईक माल उचलून न्यायचे आणि पैसे मागितले तर चाबकाची भाषा करायचे. सांताक्रूझ बेटावर तर उतरल्या उतरल्या त्याची लिंबं-संत्री भरलेली पोती हिसकावली गेली. तक्रार घेऊन किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याकडे गेला, तर तिथूनही शिव्या देऊन हाकलला गेला.

चाळीस पौंड साठवून तो किंगसमोर उभा राहिला तेव्हा किंग चपापला. इतक्या लवकर पैसे जमतील असं वाटलं असतं तर शब्द दिलाच नसता, असं तो म्हणाला. फार्मरने मध्ये पडून सांगितलं की या माणसाने तुम्हाला वर्षाला शंभर पौंडांवर मिळवून दिले आहेत, आता शब्द पाळा. नोंदणी कचेरीतल्या अधिकाऱ्याने अभिनंदन केलं आणि मुक्तिपत्राचा मसुदा अर्ध्या दरात करून दिला. तो अर्धा दरसुद्धा एक गिनी, म्हणजे पौंडाहून थोडा जास्त, होता.

दाखला दाखवूनही

मुक्तिपत्राच्या आधीच त्याने एक घटना डोळ्यांनी पाहिली होती, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. त्यांच्या जहाजावर जोसेफ क्लिप्सन नावाचा एक मिश्रवंशी तरुण काम करायचा. जन्माने स्वतंत्र, बायकोही स्वतंत्र, एक मूल, होड्या बांधायचं काम शिकलेला. कप्तानासकट जहाजावरच्या सगळ्यांना हे माहीत होतं. एक दिवस बर्म्युडाचा एक कप्तान जहाजावर चढला आणि म्हणाला, तुझ्या मालकाने तुला बर्म्युडाला बोलावलं आहे. क्लिप्सनने सेंट किट्स बेटाचा, जन्मतः स्वतंत्र असल्याचा दाखला काढून दाखवला. धक्काबुक्की करून त्याला उचललं. किनाऱ्यावर मॅजिस्ट्रेटसमोर तरी न्या, अशी त्याने विनवणी केली. नेऊ म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुनावणी नाही, बायकामुलाची भेट नाही, जहाज त्याला घेऊन निघून गेलं.

यावर इक्विआनोने लिहिलं आहे ते फार थंड डोक्याचं आहे. तोवर त्याला फक्त गुलामी भयंकर वाटत होती. आता स्वतंत्र काळ्या माणसाची स्थितीही तितकीच, काही बाबतींत जास्तच वाईट वाटू लागली, कारण तो सतत धास्तीत जगतो, आणि वेस्ट इंडीजच्या कोर्टात त्याची साक्षच ग्राह्य धरली जात नाही. म्हणजे मुक्तिपत्र घेताना या कागदाची किंमत काय आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरीही चाळीस पौंड मोजून त्याने तो घेतला. दुसरा इलाज काय होता?

सुटल्यानंतर अमेरिकेतल्या जॉर्जियामधल्या सव्हाना शहरात दोघा गोऱ्यांनी त्याला अडवलं. हाच आपला पळालेला माणूस, असं एकाने दुसऱ्याला म्हटलं. असले डाव मी पाहिले आहेत, लांब राहा, असं इक्विआनोने सुनावलं. दोघे घुटमळले, हा फार चांगलं इंग्रजी बोलतो म्हणाले आणि सोडून गेले. टेम्सवर हीच गोष्ट त्याच्या विरुद्ध गेली होती, इथे तिने वाचवलं. कागद मात्र दोन्ही वेळा कुणी विचारला नाही.

ईस्टरचा सोमवार, १७७४

१७६७ मध्ये तो लंडनला आला आणि हेमार्केटजवळ केशरचनेचं काम शिकला. डॉ. चार्ल्स अर्व्हिंग यांच्याकडे नोकरीला लागला. समुद्राचं पाणी पिण्याजोगं करण्याच्या प्रयोगांसाठी हे डॉक्टर ओळखले जात. १७७३ मध्ये फिप्स या नौदलातल्या कप्तानाच्या उत्तर ध्रुव मोहिमेत दोघेही ‘रेसहॉर्स’ जहाजावर होते. बर्फात अडकून सगळेच मरता मरता वाचले. हे सगळं वाचायला झकास आहे, पण आपल्या प्रश्नासाठी थांबण्याची जागा वेगळी आहे.

१७७४ च्या वसंतात तुर्कस्तानला निघालेल्या एका जहाजावर त्याने कारभारी म्हणून नोकरी धरली, आणि स्वयंपाकी म्हणून जॉन ॲनिस या काळ्या माणसाची शिफारस केली. ॲनिस पूर्वी सेंट किट्सच्या विल्यम कर्कपॅट्रिककडे होता आणि त्याच्या संमतीनेच बाहेर पडला होता. नंतर कर्कपॅट्रिकचं मन फिरलं. ईस्टरच्या सोमवारी तो दोन होड्या आणि सहा माणसं घेऊन आला आणि ॲनिसला जहाजावरून जबरदस्तीने उचलून घेऊन गेला. कप्तान आणि त्याचा दुय्यम बघत राहिले.

इथे तारीख महत्त्वाची आहे. याच्या दोनच वर्षं आधी, २२ जून १७७२ रोजी, लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी जेम्स सॉमरसेटच्या खटल्यात निकाल दिला होता की मालकाला गुलामाला बळजबरीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही. म्हणजे ॲनिसच्या बाजूने या वेळी नुसता कागद नव्हता, देशातल्या सर्वोच्च न्यायाधीशांपैकी एकाचा निकाल होता.

इक्विआनोने ग्रेव्हसेंड बंदरात माणूस पाठवून ॲनिसला कुठल्या जहाजावर ठेवलं आहे याचा पत्ता काढला. ते जहाज पहिल्याच भरतीला निघून गेलं होतं. मग कर्कपॅट्रिकला तरी पकडावं म्हणून त्याने हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करण्याचा, हुकूम मिळवला आणि कोर्टाचा बेलिफ घेऊन सेंट पॉल चर्चच्या आवारात, त्याच्या घराशी गेला. कर्कपॅट्रिकने पाळतीला माणसं बसवली होती आणि ती इक्विआनोला ओळखत होती. म्हणून त्याने काय करावं? तोंडाला पांढरा रंग फासला. लंडनसारख्या शहरात, कायद्याचा हुकूम हातात असताना, तो बजावण्यासाठी माणसाला आपला रंग लपवावा लागला. घरात कर्कपॅट्रिकने स्वतःचा तोतयाही बसवून ठेवला होता, पण इक्विआनोने सांगितलेल्या युक्तीने बेलिफ आत शिरला आणि खऱ्या माणसाला न्यायाधीशापुढे घेऊन गेला. तिथे कर्कपॅट्रिकने सांगितलं की तो माणूस माझ्या ताब्यात नाही. आणि ते अक्षरशः खरं होतं, कारण तोवर ॲनिस समुद्रावर होता. कर्कपॅट्रिकला जामीन मिळाला.

मग इक्विआनो ग्रॅनव्हिल शार्पकडे गेला. सॉमरसेटच्या खटल्यामागे उभा राहिलेला हाच माणूस. शार्पने आपुलकीने सगळं समजावून सांगितलं. पुढे इक्विआनोने वकील केला. वकिलाने पैसे घेतले, इक्विआनोचे कित्येक महिने फुकट घालवले आणि काहीही केलं नाही. सेंट किट्सला ॲनिसला चार खुंट्यांना हातपाय बांधून जमिनीवर आडवं करून फटके मारले, गळ्यात लोखंड अडकवलं. त्याची दोन पत्रं इक्विआनोपर्यंत पोचली. त्या बेटावरच तो मेला.

यानंतर इक्विआनो खचला. आत्महत्येचा विचार मनात आल्याचं त्याने लिहिलं आहे. ६ ऑक्टोबर १७७४ रोजी, स्पेनमधल्या काडिझ बंदरात बायबल वाचताना त्याला ईश्वरी प्रकाश दिसला असं तो सांगतो, आणि तेव्हापासून तो कट्टर मेथडिस्ट वळणाचा ख्रिस्ती झाला. त्याचे अभ्यासक या प्रसंगाकडे धर्मजीवनातला टप्पा म्हणून बघतात. मला तो ॲनिसच्या खटल्यापासून वेगळा काढता येत नाही. जमिनीवरचं कोर्ट हरल्यावर माणूस वरच्या कोर्टात गेला.

मॉस्किटो किनारा

सरळ रेषेत जाणाऱ्या कथेला इथे मोठा खड्डा आहे. १७७५ च्या अखेरीस डॉ. अर्व्हिंग यांनी मध्य अमेरिकेच्या मॉस्किटो किनाऱ्यावर, आजच्या निकाराग्वाकडे, मळा काढायचं ठरवलं आणि इक्विआनो देखरेखीसाठी बरोबर गेला. जमैकाला दोघे गुलामांच्या जहाजावर चढले आणि मळ्यासाठी माणसं विकत घेतली. निवड इक्विआनोने केली, आणि सगळे आपल्याच देशबांधवांतले निवडले, असं तो स्वतः लिहितो. त्यात ना लाज ना समर्थन, नुसती नोंद.

याला अनेक जण पळवाट शोधून देतात. त्याने त्यांना चांगलं वागवलं, त्याच्या हाती असते तोवर ते सुखी होते, वगैरे. तेही तो लिहितोच. मला वाटतं, यातून दिसतं ते इतकंच की १७७६ पर्यंत त्याच्या मनात ‘क्रूर मालक’ आणि ‘भला मालक’ असा भेद शाबूत होता, आणि व्यापार मुळातूनच बंद व्हावा ही कल्पना अजून त्याच्या हाताशी नव्हती. ज्या जगात तो वाढला तिथे ती फार थोड्यांच्या हाताशी होती.

पुढे दोन गोष्टी घडल्या. मळा सोडून निघाल्यावर एका गोऱ्या कप्तानाने त्याला परत गुलाम करायचा बेत केला. तो विरोध करतो म्हणून हातपाय बांधून दोराने उंच लटकवून ठेवला, आणि याची दाद मागायला तिथे कुठलंही कोर्ट नव्हतं. दुसरी गोष्ट त्याला नंतर कळली. त्याच्या जागी आलेल्या गोऱ्या मुकादमाने गुलामांना इतकं छळलं की ते मोठ्या होडीत बसून पळाले, होडी हाकता येत नव्हती, आणि सगळे बुडाले. त्यानेच निवडून घेतलेली माणसं होती ती. या वाक्यानंतर त्याच्या पुस्तकात एकही टिप्पणी नाही.

झाँग जहाजाचा हिशेब

नोव्हेंबर १७८१ च्या अखेरीस ‘झाँग’ या लिव्हरपूलच्या मालकांच्या जहाजावरून, जमैकाच्या वाटेवर, तीन-चार दिवसांत एकशेतीसच्या वर जिवंत आफ्रिकी माणसं समुद्रात फेकली गेली. कारण सांगितलं गेलं की पिण्याचं पाणी संपत आलं होतं. माणूस आजाराने मेला तर नुकसान मालकाचं, पण जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ फेकावा लागला तर नुकसान विमा कंपनीचं, असा त्या काळचा नियम होता. मालकांनी डोईमागे तीस पौंडांचा दावा लावला. ६ मार्च १७८३ ला लंडनमध्ये ज्युरीने मालकांच्या बाजूने कौल दिला.

१९ मार्च १७८३ रोजी शार्पच्या रोजनिशीत नोंद आहे की गुस्ताव्हस व्हासा हा निग्रो मला भेटायला आला आणि एकशेतीस निग्रोंना जिवंत समुद्रात फेकल्याची हकीकत घेऊन आला. वर्तमानपत्रात आलेली बातमी त्याने शार्पच्या दारी नेली. ॲनिसच्या वेळी तो मदत मागायला गेला होता, या वेळी तो काम सोपवायला गेला, हा फरक मला मोठा वाटतो.

शार्पने लघुलेखक घेऊन कोर्ट गाठलं. मे महिन्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे सुनावणी झाली. ज्युरीच्या नजरेत हा मामला घोडे समुद्रात फेकल्यासारखाच होता, असं त्यांनी तिथे नमूद केलं. पुन्हा खटला चालवायला परवानगी मिळाली ती विम्याच्या पैशाबद्दल. खुनाचा गुन्हा नोंदवा म्हणून शार्पने नौदल खात्याला कागदपत्रं पाठवली. कुणावरही खटला झाला नाही.

क्लिप्सनच्या वेळी दाखला निरुपयोगी ठरला होता आणि ॲनिसच्या वेळी कोर्टाचा हुकूम. झाँगमध्ये तर कायद्याने नेमकं आपलं काम केलं, आणि तीच अडचण होती.

भांडारप्रमुखाची नोकरी

आता शेवटचं दार सरकारचं. अमेरिकेच्या युद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेले, स्वातंत्र्याच्या आश्वासनावर आलेले अनेक काळे सैनिक लंडनच्या रस्त्यांवर उपाशी फिरत होते. त्यांना पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला वसवायची योजना निघाली. नोव्हेंबर १७८६ मध्ये सरकारने इक्विआनोला या मोहिमेचा रसद आणि सामानाचा प्रमुख नेमलं. त्या काळी काळ्या माणसाला ब्रिटिश सरकारकडून अशी जबाबदारीची नेमणूक मिळणं हे जवळजवळ अशक्यप्राय होतं.

जिन्नस मोजायची सवय किंगच्या गोदामात लागलेली. इक्विआनोने मोजले. कागदावर पैसे दिले गेलेले कपडे, बिछाने, औषधं, खाणं हे जहाजावर पुरतं आलेलंच नव्हतं. जोसेफ अर्विन या एजंटवर त्याने उघड आरोप केला, वर लिहून कळवलं. त्या वेळी माणसं जहाजावर आजाराने मरत होती. मार्च १७८७ मध्ये काढून टाकलं गेलं ते इक्विआनोलाच. जहाजं एप्रिलमध्ये चारशेच्या आसपास माणसं घेऊन त्याच्याशिवाय निघाली आणि वसाहतीचे पुढे अतोनात हाल झाले.

लंडनच्या वर्तमानपत्रांत त्याच्यावर चिखलफेक सुरू झाली. त्याने उत्तर दिलं. ओटोबा क्युगोआनो या मित्राला, तोही एकेकाळचा गुलाम, लिहिलेलं त्याचं पत्र एप्रिलमध्ये ‘पब्लिक ॲडव्हर्टायझर’मध्ये छापून आलं. सरकारदरबारी अर्ज करून त्याने पगाराचे पन्नास पौंडही मिळवले, म्हणजे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं हे सरकारने पैशांच्या भाषेत मान्य केलं.

कार्यकर्ता इक्विआनो इथे जन्मला असं मी म्हणेन, आणि तो रसदीच्या हिशेबावरून झालेल्या भांडणात जन्मला. अधिकाऱ्याकडे अर्ज करून दाद मिळत नाही, पण तोच अर्ज चार हजार लोकांच्या समोर छापला की अधिकाऱ्याला झोप येत नाही, हे त्याला स्वतःच्या अब्रूच्या प्रकरणात कळलं.

पुस्तक नावाचा धंदा

त्याच वर्षी, २२ मे १७८७ रोजी, लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती स्थापन झाली. बारा सभासद, त्यातले नऊ क्वेकर, म्हणजे ज्या रॉबर्ट किंगने त्याला विकत घेतलं आणि पैसे घेऊन मोकळं केलं त्याच्याच पंथाचे. काळा माणूस एकही नाही. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना मोकळं करण्यात दाखवलेल्या औदार्याबद्दल. जगभर ही कथा अशीच पोचली होती, मोकळं करणाऱ्यांची म्हणून. इक्विआनो, क्युगोआनो आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सन्स ऑफ आफ्रिका’ म्हणून सह्या करून वर्तमानपत्रांना, खासदारांना पत्रं धाडली, ती बाजू मागे राहिली.

१७८८ चं वर्ष त्याने झोडपून काढलं. जानेवारीत नेव्हिस बेटावरच्या मळेवाल्या जेम्स टोबिनला वर्तमानपत्रातून जाहीर उत्तर, मार्चमध्ये व्यापार समितीचे प्रमुख लॉर्ड हॉक्सबरी यांना पत्र, त्याच महिन्यात राणी शार्लटला विनंती अर्ज. हॉक्सबरींना लिहिताना त्याने धर्म बाजूला ठेवून बाजाराची भाषा वापरली. आफ्रिकेतली माणसं पळवण्याऐवजी त्यांना कापड विका, ब्रिटनच्या गिरण्यांना अख्खा खंड गिऱ्हाईक म्हणून मिळेल. युक्तिवाद पटणारा होता. शंभर वर्षांनी नेमक्या याच युक्तिवादावर युरोपने आफ्रिका वाटून घेतली, तेव्हा तो हयात नव्हता.

आणि मग पुस्तक. दोन भाग, किंमत सात शिलिंग, अर्धे पैसे आगाऊ. प्रकाशकाला हक्क विकून मोकळं व्हायची तेव्हा रीत होती. त्याने हक्क स्वतःकडे ठेवले. पहिल्या आवृत्तीत आगाऊ गिऱ्हाइकांची ३११ नावं छापली, यादीच्या शेंड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स. ही नावं शोभेची नव्हती. विरोधक त्याला भामटा म्हणणार हे गृहीत धरून केलेली ती जामीनदारांची रांग होती. पुस्तक वसंतात बाहेर पडलं. १२ मे १७८९ ला विल्यम विल्बरफोर्स या खासदाराने पार्लमेंटमध्ये व्यापाराविरुद्धचं पहिलं मोठं भाषण केलं.

नंतरची पाच वर्षं तो पिशवीत पुस्तकं घेऊन फिरला. बर्मिंगहॅम, मँचेस्टर, शेफील्ड, केंब्रिज, स्कॉटलंड. आयर्लंडला साडेआठ महिने राहून एकोणीसशे प्रती विकल्या, हा आकडा त्यानेच पत्रात दिला आहे. जाईल तिथे स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात, मोठ्या माणसाचं ओळखपत्र, आणि पुढच्या आवृत्तीत तिथल्या गिऱ्हाइकांची नावं. काचेचा पेला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेऊन विकणारा माणूस हे काम सहज करत होता. १७९४ पर्यंत नऊ आवृत्त्या निघाल्या. लंडनमध्ये तो टॉमस हार्डी या चांभाराच्या घरी राहायचा. कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या लंडन कॉरस्पाँडिंग सोसायटीचा हार्डी संस्थापक, आणि शेफील्डमधले ओळखीचे लोक त्याला मिळवून देणारा इक्विआनोच.

हल्ला आला तो अपेक्षित जागी. एप्रिल १७९२ मध्ये ‘ओरॅकल’ या वर्तमानपत्राने छापलं की हा आफ्रिकेत जन्मलेलाच नाही, डॅनिश बेट सांताक्रूझचा आहे. पुढच्या आवृत्त्यांत त्याने साक्षीदारांची पत्रं जोडली. दोनशे वर्षांनी विन्सेंट कॅरेटा या अभ्यासकाने दाखवून दिलं की १७५९ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्याचं जन्मस्थान कॅरोलिना आहे आणि १७७३ च्या ‘रेसहॉर्स’च्या हजेरीपटात साउथ कॅरोलिना. इतर अभ्यासकांनी इग्बो तपशिलांच्या आधारे त्याची बाजू घेतली आहे. नोंदी खऱ्या आहेत, पण बाप्तिस्म्याच्या वेळचा कोवळा मुलगा काय बोलला आणि कारकुनाने काय लिहिलं, हे त्यांतून कळत नाही. वाद मिटलेला नाही. जहाजाच्या तळघराचं त्याचं वर्णन समजा ऐकीव निघालं, तरी ॲनिस, झाँग आणि सिएरा लिओन यांना त्याचा धक्का लागत नाही. झाँग तर शार्पच्या अक्षरात आहे.

१७९२ मध्ये त्याने सोहॅम गावी सुझाना कलेन या इंग्रज मुलीशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर पार्लमेंटमधली मोहीम थंडावली. सुझाना १७९६ मध्ये गेली, इक्विआनो ३१ मार्च १७९७ ला, आणि त्याच वर्षी थोरली मुलगीही. ब्रिटिश गुलाम व्यापार बंद करणारा कायदा २५ मार्च १८०७ चा. धाकटी जोआना एकवीस वर्षांची झाल्यावर, १८१६ मध्ये, तिला बापाच्या इस्टेटीतले ९५० पौंड मिळाले. दोन्ही मुली सज्ञान होण्याआधी गेल्या असत्या तर अर्धा पैसा मिशनरी संस्थेला आणि अर्धा सिएरा लिओनमधल्या शाळेसाठी द्यावा, अशी सोय त्याने मृत्युपत्रात करून ठेवली होती.